आटपाडीहून आलेलं वजन

इथल्या लोकांचे भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय. खरं सांगायचं तर सुरुवात केली ती हसायला म्हणून. माझी फौजेतली सगळी नोकरी गाडीवर गेली — एमटी, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्ट. बर्फात, वाळूत, डोंगरात ट्रक चालवले, काही वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सही चालवली. अमक्या वळणावर कुणीतरी हात करतं, तमक्या पुलावर गाडी आपोआप बंद पडते, असं नवीन पोरं घाबरून सांगायची. मी त्यांना आधी डिझेल फिल्टर उघडून बघायला लावायचो. बहुतेक भुतं फिल्टरमध्येच सापडायची...

तेव्हा मी जे लिहितोय त्यावर तुम्ही हसलात तरी माझी काही तक्रार नाही. मीही हसलो असतो.

मी पलूसचा, जिल्हा सांगली. सुभेदार म्हणून रिटायर झालो. गावात अजूनही सगळे सुभेदारच म्हणतात. ऊस पुतण्याकडं करायला दिलाय. बायको, सुनंदा, तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मुलगी बंगळूरला नोकरी करते, रविवारी व्हिडिओ कॉल करते. बाकीच्या वारी घरात आवाज म्हणजे टीव्हीचा आणि कुकरचा. एका माणसासाठी कुकर लावायचा म्हणजे कसं... डाळ कितीही कमी घातली तरी दुसऱ्या दिवशी उरतेच. मी दुपारचं जेवण अंगणात उभ्यानं खायला लागलो होतो. बसून जेवलं की समोरचा रिकामा पाट दिसतो.

अशात ती गाडी दिसली.

आटपाडीला एका दोस्ताच्या मुलीचं लग्न होतं. कार्यालयाशेजारी एक बंद पडलेला दवाखाना, मागं घर आणि बाजूला पत्र्याचं शेड. शेडमध्ये धुळीनं माखलेली एक लांबट गाडी. मी जेवणाची पंगत सोडून तिच्याकडं गेलो. जवळ जाऊन काचेवरची धूळ पुसली आणि जागच्या जागी उभा राहिलो.

ज्यांना गाड्यांची आवड आहे ते ओळखतील. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इटालियन कंपनीची स्टेशन वॅगन. म्हणजे पुढून बघितली तर साधी कार, पण छत शेवटपर्यंत तसंच गेलेलं आणि मागं एक मोठं दार. मागची सीट पाडली की माणूस आडवा झोपेल एवढी सपाट जागा. आपल्याकडं अशा गाड्या फार कुणी घेतल्याच नाहीत. त्यातही ही साधी नव्हती. ही सोळाशे सीसीची, शंभर हॉर्सपॉवरची. त्या काळी आपल्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या हिच्या निम्म्या ताकदीच्या असतील. नोकरीत असताना आमच्या एका कर्नलसाहेबांकडं हीच होती. एकदाच चालवायला मिळाली होती मला. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची.

घरातून एक बाई बाहेर आल्या. सत्तरीच्या, सडसडीत, पांढरी साडी नव्हे, साधी निळ्या काठाची. दवाखान्याच्या डॉक्टरांच्या पत्नी. सगळी आटपाडी त्यांना नुसतं "बाई" म्हणते, मीही तेच म्हणायला लागलो. डॉक्टरांना जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

"चालू होत नाही ती," बाई म्हणाल्या.

"करतो की चालू."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "विकायची नव्हती. पण उभ्या उभ्या गंजून जाणार... तुम्ही नीट ठेवाल?"

"बाई, मला दुसरं काम नाही," मी म्हणालो. त्या पहिल्यांदा हसल्या.

गाडी टेम्पोवर चढवून पलूसला आणली. पुढचे काही महिने माझे फार बरे गेले. इंजिन उतरवलं, पेट्रोलची टाकी धुतली, ब्रेकच्या लाइनी बदलल्या, मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर नवे घातले. स्पेअर पार्टसाठी कुठं कुठं फोन केले. शेजारचा बापू — त्याची द्राक्षबाग आहे — रोज सायंकाळी फाटकाशी येऊन उभा राहायचा.

"सुभेदार, ह्या डबड्यात काय सोनं घावलंय का काय?"

"बस की आत. दाखवतो."

गाडी चालू झाली त्या दिवशी बापूला विट्याच्या रस्त्याला नेऊन आणलं. परत येईपर्यंत तो दाराची मूठ धरून बसला होता. उतरताना म्हणाला, "आयला गड्या... हे डबडं न्हाई, विमान हाय." पासिंग नव्यानं करून घेतलं आणि मी भटकायला लागलो. साताऱ्याला मिलिटरी कॅन्टीनला जा, कास पठारावर जा, तासगावला उगाच चहाला जा. एकटाच. गाडी अशी हलकी, अशी चपळ, की पाय ठेवायच्या आधी निघायची. एवढं सगळं तुम्हाला का सांगतोय — तर त्या गाडीचा रिकामी असतानाचा अंदाज मला तळहातासारखा पाठ झाला होता.

मग वाटलं, बाईंना दाखवून यावं.

फेब्रुवारी संपत आला होता. जेवणवेळेला आटपाडीला पोचलो. बाईंनी बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. दोन वर्षांनी कुणाच्यातरी घरी बसून जेवलो. गाडी जुन्या शेडमध्येच लावली होती, तोंड आत करून. निघताना बाई फाटकाशी आल्या. आता या गाडीचा रिव्हर्स गिअर जरा वेगळा आहे — दांड्याच्या मुठीखाली एक रिंग असते, ती बोटांनी वर उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. माहीत नसलं तर माणूस दांडा ओढत बसतो. मी रिंग उचलली आणि गाडी मागं घेतली. शेडपासून फाटकापर्यंत बारीकसा चढ आहे. गाडी सरसर मागं निघाली आणि आरशात मला बाई दिसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी फाटकाची सळी धरली होती. तोंड एकदम उतरलेलं. मी काच खाली केली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. या तुम्ही. सावकाश जा."

आटपाडी सोडली. भिवघाटाचा चढ सुरू झाला आणि गाडी जड झाली.

जड झाली म्हणजे काय ते सांगतो. इंजिन आवाजाला स्वच्छ, पण ओढ कमी. स्टिअरिंग पुढं हलकं, म्हणजे मागं लोड. पहिल्यांदा वाटलं ब्रेक धरतोय. बाजूला घेऊन थांबलो. चारी चाकांना हात लावून बघितला, एकही गरम नाही. क्लचचा वास नाही. मग मागं जाऊन बघितलं. रिकाम्या गाडीला टायर आणि मडगार्डच्या मध्ये माझी चार बोटं जातात. आता दोनसुद्धा जाईनात. गाडी मागून बसली होती.

मागचं दार उघडलं. आत जॅक, पाना आणि बाईंनी दिलेली शेवग्याच्या शेंगांची पिशवी. बस्स.

ऊन लख्ख होतं. रस्त्यानं शेळ्या चालल्या होत्या. भीती वाटायचं काही कारणच नव्हतं आणि वाटलीही नाही. शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेले असतील म्हणून मी परत बसलो. पण शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेले तर गाडी डचमळते, जड होत नाही. ते मला कळत होतं.

विट्याच्या अलीकडं एक गोष्ट ध्यानात आली. मी वळणं हळू घेत होतो. ब्रेक लांबून, अलगद दाबत होतो. खड्डा आला की आधीच क्लच दाबून गाडी सोडत होतो. असं मी कधी चालवायचो?... अ‍ॅम्ब्युलन्सवर असताना. मागं स्ट्रेचरवर माणूस झोपलेला असला की. आडव्या माणसाचं वजन वळणावर जरा उशिरा सरकतं, पोत्यासारखं एकदम नाही. ते हाताला कळतं. माझ्या हातांना ते आटपाडीपासून कळलं होतं, डोक्याला विट्यात कळलं.

घरी आलो. सकाळी बघितलं तर गाडी तशीच बसलेली. दोन बोटं.

पलूसच्या बाहेर तासगाव रस्त्याला एक वजनकाटा आहे, उसाच्या ट्रॉल्या आणि बेदाण्याचे ट्रक तिथं तोलतात. तिथं गेलो. गाडी काट्यावर घातली, मी खाली उतरलो. रिकाम्या गाडीचं वजन आरसी बुकात छापलेलंच असतं, त्यामुळं मला आकडा माहीत होता. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून डोकं काढलं.

"मागं काय हाय ओ? आधी उतरवा की. रिकामी तोलायची म्हनलाय न्हवं?"

"रिकामीच आहे."

"काटा तर क्विंटलभर जादा दावतोय."

तो बाहेर आला. मी मागचं दार उघडलं. त्यानं आत वाकून बघितलं, गालिचा उचलून बघितला, मग उठून काट्याच्या चारी कडांना कुठं खडी अडकलीय का ते बघितलं. माझ्यामागं एक ट्रक उभा होता. तो काट्यावर घेतला तर त्याचं वजन त्याच्या पावतीशी बरोबर भरलं. परत माझी गाडी. परत क्विंटलभर जादा.

"सुभेदार," तो हळूच म्हणाला, "तुमी ही गाडी हितनं न्या बरं."

मी नेली.

आता जे लिहितोय ते लिहायला मला बरेच दिवस लागले, कारण इथं तुम्ही विचाराल — मग गाडी टाकून का नाही दिलीस? कुणाला दाखवलं का नाहीस? बापू तर रोज म्हणायचा, "नारळ फोड, न्हाईतर इकून टाक."

मी काहीच केलं नाही. मी गाडी चालवत राहिलो.

रिकामी गाडी रस्त्यावर उड्या मारते, भरलेली गाडी रस्ता धरून चालते. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. दोन वर्षं मी रिकामाच हिंडत होतो. आता मागं कुणीतरी होतं. दिसत नव्हतं, बोलत नव्हतं, कसला वास नाही, आवाज नाही. नुसतं वजन. साताऱ्याला जाताना मी बोलायला लागलो. आधी नुसतं "खड्डा आहे हं" एवढंच, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेशंटला सांगायचो तसं. मग हळूहळू बाकीचं. सिक्कीमची पोस्टिंग, ट्रक दरीच्या कडेला अडकला होता ते, सुनंदाला डोसा करायला कसं जमायचं नाही ते. तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल मी मुलीशी कधी बोललो नव्हतो. ते कास पठाराच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन बोललो, पुढं बघत. मागनं उत्तर यावं अशी अपेक्षा नव्हती. ऐकून घेणारं कुणी आहे एवढं पुरत होतं.

घरीसुद्धा फरक पडला. गाडी दाराशी उभी असली की मी बसून जेवायला लागलो.

महिनाभर असं चाललं. मग एक दिवस बाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं.

"सुभेदार, एक विचारू? हसू नका. गाडी... जड तर लागत नाही ना?"

मी दाराशी उभ्या गाडीकडं बघितलं.

"लागते," मी म्हणालो. "तुमच्याकडनं निघाल्यापासनं."

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही एकदा या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आटपाडी गाठली. बाईंनी चहा ठेवला, पण तो दोघांनीही घेतला नाही. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो.

"डॉक्टरांनी ही गाडी हौसेनं घेतली नव्हती. इकडं तेव्हा मोठं हॉस्पिटल नाही. बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, की मिरजेला न्यायचं. जीप दोन तास हेलकावत जायची. ते म्हणाले, मला पळणारी गाडी पाहिजे आणि मागं माणूस झोपला पाहिजे. दोन्ही असलेली ही एकच मिळाली. सीट पाडून गादी टाकायचे आणि स्वतः चालवायचे. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. किती जणांना नेलं त्याचा हिशोबच नाही. चारचाकी दिसली नाही इथं कुणाकडं तरी लोक म्हणायचे, डॉक्टरची लांब गाडी हाय की.

"आणि त्यांना अटॅक आला तो इथंच, ह्या ओसरीवर. दुपारचं जेवण झालं होतं. अंगानं दांडगे होते, क्विंटलभर वजन. पाच-सहा जणांनी उचलून मागं झोपवलं. मी डोकं मांडीवर घेऊन बसले. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. गल्लीतला एक ट्रॅक्टर चालवणारा भला माणूस बसला स्टिअरिंगवर. गाडी चालू झाली. पण त्याला रिव्हर्स पडेना. ती रिंग... ती कुणालाच माहीत नव्हती. मलाही नाही. मी कधी पुढं बसून बघितलंच नव्हतं त्यांचे हात काय करतात ते. तो दांडा ओढतोय, ओढतोय. डॉक्टरांना माहीत होतं. ते माझ्याकडं बघत होते, ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. बोटं वर करत होते अशी. मला वाटलं पाणी मागतायत. मी पाणी पाजलं."

ओसरीवरून शेड दिसत होतं.

"मग सगळ्यांनी ढकलून चढावरून बाहेर काढली. गाडी फाटकाबाहेर आली तेव्हा ते गेलेले होते. तशीच परत आत ढकलली. परत कुणी हलवली नाही."

मला त्या दिवशीचे फाटक धरून उभे राहिलेले त्यांचे हात आठवले.

"तुम्ही ती रिंग उचललीत," बाई म्हणाल्या, "आणि गाडी एका दमात मागं गेली. त्या दिवसापासनं माझं घर हलकं झालंय, सुभेदार. दहा-बारा वर्षं मी एकटी राहिले इथं, पण मला एकटं कधी वाटलं नाही. दुपारी ओसरीवर बसलं की शेडमध्ये कुणीतरी आहे असं असायचं. आता नाही. आता घर नुसतं घर आहे. म्हणून विचारलं फोनवर... की तुमच्याकडं आलंय का."

मी म्हणालो, "बाई, तुम्ही म्हणाल तर गाडी परत शेडमध्ये लावतो."

हे मी मनापासून म्हणालो, पण खोटं कशाला सांगू, त्यांनी नाही म्हणावं असंही वाटत होतं. आणि बाईंच्या तोंडावरही तेच दिसत होतं. दोन एकटी माणसं आणि मध्ये एक गाडी. दोघांनाही ते वजन हवं होतं.

बाई बराच वेळ पदराचा काठ दुमडत बसल्या. मग उठल्या, आतून एक गोधडी आणि उशी घेऊन आल्या.

"त्यांना जायचं होतं ओ," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघांच्या सोबतीला थोडंच थांबलेत ते. चला. मिरजेला नेऊ."

मागची सीट पाडली. बाईंनी गोधडी अंथरली, उशी ठेवली आणि स्वतः मागंच, कडेला, अवघडून बसल्या. मी म्हणालो पुढं बसा, तर ऐकेनात. मी रिंग उचलली. गाडी मागं घेतली.

मग मी ती गाडी जशी चालवायला हवी होती तशी चालवली. हेडलाइट लावले, हॉर्न देत गेलो. भिवघाटाचा चढ त्या जड गाडीनं तिसऱ्या गिअरला मारला. तोपर्यंत तिचं इंजिन मला ठाऊक होतं असं मला वाटायचं. त्या दिवशी ती जशी ओढत होती तसं मी कधी बघितलं नव्हतं. तासगावजवळ दोन्ही बाजूला बेदाण्याची शेडं, हिरव्या जाळ्या वाऱ्यानं फुगलेल्या. ट्रॅक्टरवाले आम्हाला बघून बाजूला होत होते. आरशात बाई दिसत होत्या. एक हात उशीजवळ ठेवला होता आणि खाली बघून सारखं काहीतरी बोलत होत्या. इंजिनच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत, आणि कळायलाही नको होते.

मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या — नाव लिहीत नाही — कॅज्युअल्टीच्या पोर्चमध्ये गाडी घातली. उतरून मागचं दार वर उचललं आणि सवयीनं बाजूला सरकलो, स्ट्रेचर काढताना वाट द्यायला सरकतात तसा.

गाडी वर आली.

धक्का नाही, झटका नाही. मी टायरकडं बघत होतो. टायर आणि मडगार्डमधली फट हळूहळू मोठी होत गेली आणि थांबली. गाडीत अजून बाई बसलेल्याच होत्या.

"उतरले," बाई म्हणाल्या.

वॉचमन ओरडला, पेशंट नसला तर गाडी पुढं घ्या. बाईंना उतरवून मी गाडी झाडाखाली लावून आलो तर त्या कुठं दिसेनात. आत जाऊन बघितलं. कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या बाकड्यावर, नातेवाईक बसतात त्या रांगेत, त्या बसल्या होत्या. मांडीवर घडी केलेली गोधडी. मी शेजारी बसलो. निघू या का, असं विचारायचं धाडस झालं नाही.

आमच्या पलीकडं एक बाई बसली होती, हातात डबा, बहुतेक जतकडची. तिनं जरा वेळानं विचारलं, "तुमचं कोन हाय आत?"

"आमचे मिस्टर," बाई म्हणाल्या.

"कवा आनलं?"

"आत्ताच."

"हितंपत्तर आनलं न्हवं? मग आता काळजी करू नगासा. आपल्या हातात तेवढंच असतंय, आनायचं."

बाईंनी मान हलवली. "हो. आणलं," असं म्हणाल्या आणि मग त्या रडल्या. दारातनं आत-बाहेर करणाऱ्या माणसांनी ढुंकूनही बघितलं नाही. तिथं ते रोजचंच. त्या जतच्या बाईनं डबा बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसून होतो.

याला आता वर्ष होत आलं. बाई मुलाकडं नाशिकला राहायला गेल्या, आटपाडीच्या घराला कुलूप आहे. त्या वजनकाट्यावर मी परत जाऊन आलो. वजन आरसी बुकात आहे तेवढंच, किलोचा फरक नाही. मुलगी म्हणते, पप्पा, एकटं राहून राहून होतं असं, तुम्ही इकडं या. बापू म्हणतो काटाच बिघडला असंल. एका इंजिनिअर मित्रानं स्प्रिंगचं काहीतरी समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. मग त्या ट्रकचं वजन बरोबर कसं भरलं, हे त्यालाही सांगता आलं नाही. भिवघाटातनं मी मुद्दाम चार-सहा वेळा जाऊन आलो, दुपारचाच. गाडी हलकीच राहिली.

डॉक्टरांना मिरजेला पोचायचं होतं, एवढं मी एकवेळ समजू शकतो. पण मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, त्यांचा आवाज मला माहीत नाही. तरी तो एक महिना मला घर खायला उठलं नाही, ते कशानं, हे मला अजून कळलेलं नाही. आता परत उठतं.